लिफ्ट किट : सिन्नर परिसरातील ऑफ-रोड गाड्यांसाठी कमी खर्चाची निवड

लिफ्ट किट : फोर बाय फोर गाडीचे चेसिस आणि बॉडी मूळ उंचीपेक्षा वर नेण्यासाठी सस्पेन्शनमध्ये बसवायचा सुट्या भागांचा संच. लांब कॉइल स्प्रिंग, जास्त कमानीचे पाटे, स्पेसर, लांब शॅकल आणि त्यांना जुळणारे शॉकअप यांचा त्यात समावेश होतो. गॅरेजमध्ये या कामाला ‘गाडी उचलणे’ किंवा नुसते ‘लिफ्ट करणे’ म्हणतात. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये पॅकर घालून फक्त बॉडी वर घेतली, तर तिला बॉडी लिफ्ट म्हणतात. त्यात चेसिस मूळ जागीच राहते आणि फायदा एवढाच, की मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. या नोंदीत सस्पेन्शन लिफ्टचा, त्यातही मर्यादित खर्चाच्या लिफ्टचा विचार केला आहे.

सिन्नर नाशिकच्या आग्नेयेस, नाशिक–पुणे महामार्गावर सुमारे ३० किमी. अंतरावर आहे. महिंद्राच्या थार आणि बोलेरो या गाड्या नाशिकच्या कारखान्यात तयार होतात आणि इगतपुरीजवळ याच कंपनीने ऑफ-रोड प्रशिक्षणाचे मैदान उभारले आहे. त्यामुळे या गाड्यांची माहिती असलेले मेकॅनिक आणि सुटे भाग या पट्ट्यात सहज मिळतात. मुसळगाव आणि माळेगाव औद्योगिक वसाहतींमुळे लेथवर काम करून घेण्याचीही सोय गावातच आहे. लिफ्ट स्वस्तात करून घेण्याचा मोह होतो तो याच सोयीमुळे, आणि कामे बिघडतात तीही बहुधा तिथेच.

किती लिफ्ट हवी हे जमिनीवरून ठरवावे. तालुक्याच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य अंगाला कळसूबाई रांगेचा पूर्वेकडील फाटा आहे. आड, औंढा, पट्टा हे किल्ले याच रांगेत येतात. ठाणगावच्या बाजूने डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांच्यासाठी खोदलेल्या मुरमाच्या वाटांवर सुटे दगड, पाण्याने कापलेल्या नाळी आणि तीव्र चढ लागतात. पूर्वेला वावी, पाथरे या कमी पावसाच्या भागात बहुतेक अडथळे शेतरस्त्याचे असतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, त्यांच्यामधला उंच वरंबा आणि पाऊस पडला की चाकाला चिकटणारी काळी माती. डोंगरातल्या वाटेवर गाडीचे पोट आणि बंपर अडतो, चाकोरीत डिफरन्शियलचा गोळा अडतो, काळ्या मातीत काहीच अडत नाही, फक्त चाक जागच्या जागी फिरते. लिफ्ट यांपैकी पहिल्या अडचणीवर उपयोगी पडते, दुसरीवर जवळजवळ नाही आणि तिसरीवर मुळीच नाही. काळ्या मातीत खोल नक्षीचे टायर, त्यांतली कमी केलेली हवा आणि डिफ लॉक कामाला येतात.

दुसऱ्या अडचणीबद्दल गैरसमज फार आहे. जिप्सी आणि जिम्नी यांचे पुढचे आणि मागचे दोन्ही ॲक्सल अखंड असतात. २०२० नंतरच्या थारचा मागचा तसा असतो. अखंड ॲक्सलवरचा गोळा चाकाच्या मध्याला बांधलेला असतो. स्प्रिंग कितीही लांब लावली तरी तो तसूभरही वर जात नाही. तो वर जातो फक्त टायरच्या व्यासाने, तोही व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्माच. जिप्सीच्या मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास हिशोबाने ६६८ मिमी. येतो. बोलेरोला लागणारा २१५/७५ आर १५ टायर ७०३ मिमी.च्या आसपास भरतो. म्हणजे हा टायर चढवला की जिप्सीचा गोळा १७ ते १८ मिमी. वर येतो. स्पीडोमीटर मात्र खऱ्या वेगापेक्षा सुमारे ५ टक्के कमी दाखवू लागतो, आणि तेवढ्याच प्रमाणात गिअरिंग लांब झाल्याने चढावर इंजिनाची ओढ घटते.

लिफ्टने खरोखर वाढतात ते कोन : पुढून चढण्याचा, मागून उतरण्याचा आणि उंचवट्यावर पोट न टेकण्याचा. २०२० च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी. असून हे कोन अनुक्रमे ४१.८, ३६.८ आणि २७ अंश आहेत. २४५० मिमी. व्हीलबेसवर चेसिस ५० मिमी. वर नेले, तर पोटाच्या कोनात भूमितीच्या हिशोबाने ४ अंशांच्या आसपास भर पडते. औंढ्याच्या वाटेवरचे बहुतेक उंचवटे थार मूळ उंचीवरच पार करते. तिथे अडकणाऱ्या गाड्या बहुधा चुकीच्या रेषेवरून नेलेल्या किंवा बसलेल्या स्प्रिंगांच्या असतात.

प्रकार. स्वस्त लिफ्टचा मार्ग गाडीगणिक बदलतो.

पाट्यांच्या जुन्या गाड्यांना, म्हणजे एमएम ५४०, एमएम ५५० आणि जिप्सी यांना पर्याय सर्वांत जास्त. पहिला पर्याय लांब शॅकलचा. शॅकल ५० मिमी.ने लांबवला तर ॲक्सलजवळ गाडी साधारण २५ मिमी.च उचलली जाते, कारण पाट्याचे एकच टोक वर जाते. पुढच्या ॲक्सलला लावल्यास कॅस्टर कमी होतो, स्टीअरिंग हलके आणि भटके होते. ॲक्सलच्या बैठकीत पाचरीच्या आकाराची शिम घालून तो परत मिळवता येतो. दुसरा पर्याय पाट्यांना नव्याने कमान देण्याचा. हे काम नीट झाले तर उत्तम, पण पाट्याचे पोलाद गरम करून कमान वाढवल्यावर त्याला योग्य टेंपर द्यावाच लागतो. नुसते भट्टीत लाल करून ठोकलेले पाटे थोड्याच दिवसांत बसतात, आणि तेही एक बाजू जास्त, एक कमी. तिसरा, वाढीव पाटा घालण्याचा. पिकअपवाले कांदा-टोमॅटोच्या वजनासाठी हेच करतात. वजन वाहायला ते ठीक, पण रिकाम्या जीपचे चाक खड्ड्यात लवून बसायला हवे ते कडक पाट्यांमुळे हवेत राहते. चौथा पर्याय पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा. जिप्सी यात एकदम १२० मिमी.च्या आसपास उचलली जाते आणि नवीन पाटेही घ्यावे लागत नाहीत, म्हणून तो स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात नव्या बैठका वेल्ड करणे, झेड आकाराची ड्रॅग लिंक, लांब ब्रेक होज, लांब शॉकअप, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन आणि जोर लावताना ॲक्सल पिळला जाऊ नये म्हणून आधार, एवढे सगळे पाठोपाठ येते. रोज नाशिकला ये-जा करणाऱ्या गाडीसाठी हा मार्ग अयोग्य आहे.

२०१० ते २०२० च्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे आहेत. टॉर्शन बारचा बोल्ट कसला की पुढचे तोंड फुकटात वर येते. मात्र यात स्प्रिंगची ताकद वाढत नाही, फक्त आर्म खाली ढकलला जातो. चाकाला खाली लवायला जागा उरत नाही, सीव्ही जॉइंट कायम कोनात फिरतो आणि त्याचा रबरी बूट फाटतो. बूट फाटला की मुरमाची धूळ ग्रीसमध्ये शिरते आणि जॉइंट आवाज करू लागतो. २५ मिमी.पलीकडे हा बोल्ट कसू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

२०२० नंतरची थार आणि नवी गुरखा यांना पुढे स्वतंत्र डबल विशबोन आणि मागे अखंड ॲक्सलसह कॉइल स्प्रिंग आहेत. इथे सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे स्पेसर. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर घातलेला स्पेसर जेवढ्या जाडीचा, त्याहून चाकापाशी मिळणारी लिफ्ट बरीच जास्त असते, कारण शॉकअप खालच्या आर्मवर चाकाच्या आत बांधलेला असतो. २५ मिमी.चा स्पेसर घातला तर गाडी ४० ते ५० मिमी. उचलली जाऊ शकते. हे ठाऊक नसल्यामुळे ‘दोन इंच लिफ्ट हवी’ म्हणून ५० मिमी.चा स्पेसर कातून आणणारे आढळतात. मग वरचा बॉलजॉइंट टोकाला जातो आणि कॅम्बर अलाइनमेंटच्या मशीनवर बसतच नाही.

लेथवर स्पेसर करून घ्यायचा असेल, तर नुसती गोल चकती पुरत नाही. स्प्रिंगचे टोकाचे वेटोळे जिथे टेकते ती पायरी, मधोमध धरून ठेवणारी कड आणि खालच्या-वरच्या छिद्रांचे अचूक मध्य हे सगळे मूळ बैठकीवरून मोजून काढावे लागते. ॲल्युमिनियम ६०६१ किंवा पॉलियुरेथेन चालते. कुठल्या तरी भंगार बारमधून कातलेले ॲल्युमिनियम नको, कारण त्याची ताकद कोणालाच माहीत नसते. धारा मारून घ्याव्यात, बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे असावेत, आणि एकावर एक दोन स्पेसर कधीही रचू नयेत.

शॉकअपचा प्रश्न. कमी खर्चाच्या किटमध्ये सर्वांत आधी शॉकअपला कात्री लागते. मागच्या कॉइलखाली ४० मिमी.चा स्पेसर घातला आणि शॉकअप मूळच ठेवले, तर चाक खाली लवण्याचा प्रवास तेवढ्याच ४० मिमी.ने कमी होतो. गाडी उंच दिसते, पण दगडावर तिरकी झाली की चाक लवकर हवेत जाते, शॉकअप आतल्या आत ताणून आपटतो आणि पुढे त्याचा सील गळतो. म्हणजे ऑफ-रोडसाठी केलेल्या खर्चाने ऑफ-रोडची क्षमता घटते. जिम्नीसारख्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. पॅनहार्ड रॉड आडवा असल्याने लिफ्टनंतर ॲक्सल एका बाजूला सरकतो. चाके एका मडगार्डबाहेर डोकावत असतील, तर लांबी कमीजास्त करता येणारा रॉड घ्यावा.

ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन संचांत स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी जुळवलेले असतात. ते महाग पडतात, पण ‘पुढे काय काय बदलावे लागेल’ हा प्रश्न बराचसा सुटतो. असा संच घेताना गाडीवर कायम राहणारे वजन आधी मोजावे. लोखंडी बंपर आणि विंच नसलेल्या थारला त्या वजनासाठीची कडक स्प्रिंग लावली, तर गाडी ठरल्यापेक्षा जास्त उचलली जाते आणि मुरमावर उडत चालते.

खर्चाचा क्रम. पैसे मोजके असतील तर ते या क्रमाने जावेत. आधी झिजलेले बुश, गळके शॉकअप आणि बसलेल्या स्प्रिंग यांच्या जागी मूळ मापाचे नवे भाग घालावेत. जुन्या जिप्सीची किंवा एमएम ५४० ची गेलेली उंची बरीचशी एवढ्यानेच परत येते. त्यानंतर टायर. उरलेल्या पैशांत ४० ते ५० मिमी.ची, जुळत्या शॉकअपसह लिफ्ट. त्यापुढे जाण्याचे कारण सिन्नरच्या वाटांवर सापडत नाही. उंचीची किंमत स्थैर्याने मोजावी लागते. १५२० मिमी. ट्रॅकच्या गाडीचा गुरुत्वमध्य ७५० मिमी.वर धरला, तर उभ्या गाडीचा कलंडण्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास येतो. गुरुत्वमध्य ५० मिमी. वर गेल्यावर हा कोन ४३.५ पर्यंत उतरतो. दगडावर उसळणाऱ्या गाडीला याहून बऱ्याच कमी कोनातही धोका असतो. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि तिथे कारला ताशी १२० किमी.ची मर्यादा आहे. मड टायर लावलेली उचललेली जीप त्या वेगाने नेऊ नये.

कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते, हा धोका दंडापेक्षा मोठा. त्यामुळे काम करण्याआधी नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. मूळ मापाचे नवे भाग बसवण्याला यातले काहीच लागू होत नाही, आणि वरच्या क्रमात ते पहिले ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

बसवणी व तपासणी. काम सुरू करण्यापूर्वी सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा भरून, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना लिहून घ्यावे. मिळालेली लिफ्ट याच मापाने कळते. जमिनीपासून बंपरपर्यंत टेप लावला तर टायरची हवासुद्धा त्यात मिसळते. बसवल्यावर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसावेत. गाडी जॅकवर असताना कसले, तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मग एक चाक उंच ओट्यावर चढवून समोरचे लवू द्यावे आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे. या स्थितीत ब्रेक होज ताणलेला नसावा, एबीएसची वायर सैल असावी, टायर कुठे घासू नये, बंपस्टॉप चाकाच्या आधी टेकावा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी आणि हेडलाइटचा झोत खाली आणावा. पाट्यांच्या गाडीचे यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत बसतात, म्हणून ते साधारण ५०० किमी.नंतर टॉर्क रेंचने पुन्हा कसावे लागतात. डोंगरवाटांची मुरमाची धूळ शॅकलच्या बुशमध्ये शिरते. ग्रीस निपल असलेल्या शॅकलना पावसाळ्यानंतर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.