खारे पाणी, काळा दगड

अकोटहून अकोल्याकडे निघाले की वाटेत पूर्णा ओलांडावी लागते. नदीच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख म्हणजे आपला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागते, पण ते ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. एके काळी मात्र याच पाण्याला मोल होते. दहीहांड्याच्या परिसरात लोक शंभर-सव्वाशे फूट खोल विहिरी खणून खारे पाणी उपसत आणि त्यापासून मीठ काढत. पुढे इंग्रजांच्या मीठ-कायद्याने हा धंदा गुन्हा ठरला. १९३० च्या सत्याग्रहात वऱ्हाडाला समुद्र नाही म्हणून काही अडले नाही. वीर वामनराव जोशी आणि त्यांच्या साथीदारांनी दहीहांड्याच्या पाण्यापासूनच मीठ तयार करून तो कायदा मोडला.

त्या विहिरींची आठवण आज काढली ती वेगळ्याच कारणाने. पारसच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि हवा तापवतो. हा वायू पकडून जमिनीत पुरावा, असा विचार जगभर चालला आहे. नॉर्वेने १९९६ मध्ये उत्तर समुद्राच्या तळाखालच्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात तो सोडायला सुरुवात केली. तिथे वायू पाण्यात हळूहळू विरघळतो. त्याचा दगड व्हायचा तर हजारो वर्षे लागतील.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, या बाबतीत भलताच चपळ. वायू पाण्यात मुरला की सोडावॉटरसारखे सौम्य आम्ल होते. ते दगडातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सोडवते. दगड झिजता झिजता आम्लाचा जोर ओसरतो आणि हे धातू वायूशी जुळून चुनखडीच्या जातीचे खनिज तयार होते. आइसलंडमध्ये २०१२ साली दोनशेहून अधिक टन वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातला सुमारे ९५ टक्के दगड झाला. शास्त्रज्ञांनाही एवढ्या वेगाची अपेक्षा नव्हती.

आपल्याकडे निसर्गाने हे काम कधीचेच करून ठेवले आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्यांच्या सोबतीने कॅल्साइटचे पांढरे स्फटिक सापडतात, आणि आपल्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडेही त्याच गोत्रातले. लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि पोट घट्ट, म्हणून वरचा थर खालच्याला झाकणासारखा बसतो.

मग अडते कुठे? पाण्यापाशी. आइसलंडच्या पद्धतीत एक टन वायू मुरवायला साधारण २५ टन पाणी लागते. अकोट तालुक्यातली खेडी वान धरणाच्या गोड्या पाण्यासाठी ८४ खेडी योजनेच्या नळाकडे डोळे लावून बसतात. त्या पाण्याला हात लावण्याचा विचारही कुणी करू नये. खारे पाणी वापरता येईल, पण त्यात वायू कमी विरघळतो, म्हणजे पाणी आणखी जास्त लागते. शिवाय ते आम्ल दगडातून नको असलेले धातूही सोडवते. म्हणून असे काम निघाले तर आसपासच्या विहिरींचे पाणी वायू सोडण्याआधी एकदा आणि नंतर वर्षानुवर्षे तपासावे लागेल. तो तपास कोण करणार आणि त्याचे आकडे गावाला कोण दाखवणार, हे पहिला टन खाली जाण्याआधी ठरले पाहिजे.