सुवर्णपत्रे : एका वचनाचा इतिहास

नाण्यांचा संग्राहक धातू पाहतो, मुद्रा पाहतो. जुन्या नोटा जमविणारा मात्र मुख्यतः शब्दांचा संग्राहक असतो. नोटेच्या कागदास स्वतःचे असे मोल नाही. तीवर राज्याने लिहून दिलेले वचन हेच तिचे सर्वस्व होय. या दृष्टीने अमेरिकेतील 'गोल्ड सर्टिफिकेट', म्हणजेच सुवर्णपत्र, या नोटेचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

यादवी युद्ध चालू असता ३ मार्च १८६३ च्या कायद्याने ही पत्रे काढण्याचा अधिकार अमेरिकेच्या कोषागारास मिळाला व १८६५ मध्ये ती प्रत्यक्ष निघाली. आरंभीची पत्रे मोठ्या रकमांची, पेढ्यांच्या आपापसांतील हिशेबापुरती होती. सामान्य जनांच्या हाती ती १८८२ च्या मालिकेपासून आली. त्यांची पाठ नारिंगी-सोनेरी असे. १९०५ च्या वीस डॉलरांच्या नोटेवर तर पुढील बाजूसही सोनेरी झाक व तांबडी मोहोर आहे; संग्राहक तिला 'टेक्निकलर' म्हणतात. १९२८ च्या मालिकेत आकार लहान झाला, पाठ हिरवी झाली. सोनेरी मोहोर व सोनेरी अनुक्रमांक तेवढे उरले. वचन मात्र तेच होते : इतके डॉलर सोन्याच्या नाण्यांत जमा असून मागताक्षणी ते धारकास मिळतील. १९०० च्या कायद्यान्वये औंसभर सोन्याचे मोल २०.६७ डॉलर पडे.

पुढे महामंदी आली. ५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की, प्रजाजनांनी सोन्याची नाणी, लगडी व सुवर्णपत्रे १ मेपर्यंत जमा करावीत. कसूर केल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड, दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुर्मिळ नाण्यांच्या संग्राहकांस या हुकुमाने अभय दिले. दुर्मिळ नोटांच्या संग्राहकांस दिले नाही. शंभर डॉलरांपर्यंतची जी मोकळीक होती, तीही वर्षअखेर गेली. जानेवारी १९३४ च्या शेवटी सोन्याचा भाव औंसास ३५ डॉलर ठरविण्यात आला.

यातून उद्भवलेला 'नॉर्ट्‌झ विरुद्ध युनायटेड स्टेट्स' हा खटला कायद्याच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. वादीजवळ १,०६,३०० डॉलरांची सुवर्णपत्रे होती. सोने मागितले असता त्यास तितक्याच रकमेचे कागदी चलन मिळाले. सबब त्याने ६४,३३४.०७ डॉलरांच्या नुकसानीचा दावा लावला. १८ फेब्रुवारी १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो अमान्य केला. सरन्यायाधीश ह्यूज यांचा युक्तिवाद असा : ही पत्रे वखारीची पावती नव्हेत, ती चलन होत, ती डॉलर देऊ करतात, सोन्याचे वजन नव्हे. शिवाय वादीस सोने मिळाले असते, तरी ते तितक्याच डॉलरांस सरकारजमा करणे त्यास भाग होते. मग नुकसान ते कोणते?

तर्क बिनतोड आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याने वचन दिले त्यानेच पूर्तता बेकायदा ठरवावी, आणि मग धारकाचे काहीच बुडाले नाही असे म्हणावे, हे न्यायबुद्धीस सहज पटत नाही. चार न्यायाधीशांचे भिन्न मत आम्हांस म्हणूनच मोलाचे वाटते.

सुवर्णपत्रे बाळगण्यावरील बंदी अर्थमंत्री डग्लस डिलन यांनी २४ एप्रिल १९६४ रोजी उठविली. मात्र बदल्यात सोने मिळणार नाही, छापील रकमेइतके साधे चलनच मिळेल, असे ठरले. तीस वर्षांत पुष्कळ पत्रे नाहीशी झालेली होती. त्यांची आजची दुर्मिळता यातूनच आली. १९३४ च्या मालिकेतील एक लाख डॉलरांची, अध्यक्ष विल्सन यांच्या चित्राची नोट तर फेडरल रिझर्व्ह बँकांच्या व्यवहारापुरतीच होती. ती खासगी संग्रहात ठेवता येत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नव्हे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने आपल्याकडेही सोन्याच्या लगडी खासगीरीत्या बाळगण्यास मनाई होती. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. आपल्या नोटेवरही धारकास रुपये अदा करण्याचे वचन छापलेले असते. ते आपण सहसा वाचीत नाही, कारण आपला त्यावर विश्वास असतो. सोने तिजोरीत राहते. नोट चालते ती या विश्वासावर. सुवर्णपत्राचा संग्राहक जपतो तो कागद याच विश्वासाचा दस्तऐवज होय. आणि तो विश्वास एकदा कसा मोडला, याची साक्षही त्याच कागदात आहे.