मिलो खाल्लेली माणसं

परवा शिरूरच्या बाजारात ज्वारीचा भाव ऐकून आमचे आबा गप्पच झाले. वय ७८. "गव्हापेक्षा ज्वारी महाग?" एवढंच बोलले. दुकानातला पोरगा हसला, "बाबा, आता भाकरी श्रीमंतांची झाली."

त्या हसण्यावरून हे लिहितोय.

आबांच्या पिढीतली माणसं शिरूरला अजून 'घोडनदी' म्हणतात. त्यांच्या लहानपणी भाकरी रोजची अन् चपाती सणाची. सुतार-लोहाराला बलुतं धान्यात. मग १९७२ चा दुष्काळ पडला. शिरूर-दौंडची जिरायती गावं होरपळली. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. खायला सुकडी, नाहीतर रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो. तिचं नाव काढलं की आबांचं तोंड आजही वाकडं होतं. याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

नंतर पाणी आलं. दौंडला खडकवासल्याचा कालवा, शिरूरला घोड अन् चासकमान. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, २०२३ पासून तर फुकट. भाकरी ताटातून मागं सरली. अन् त्याच २०२३ साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं! आता डॉक्टर आबांना सांगतात, शुगर आहे, भाकरी खा.

आबा प्लॅस्टिकची पिशवी धुऊन वाळत घालतात, भाव तीनदा विचारतात. आम्ही पोरं चिकट म्हणून चेष्टा करायचो. पण तो चिकटपणा नाही, बहात्तरची आठवण आहे.

अन् 'म्हातारी माणसं बदलत नाहीत' हे तर साफ खोटं. बलुत्याच्या धान्यापासून क्यूआर कोडपर्यंत सगळे व्यवहार या माणसांनी एकाच जन्मात शिकले. आबा स्कॅन करतात. फक्त दुकानातला डबा 'पैसे मिळाले' बोलल्याशिवाय जागचे हलत नाहीत. उपाशी राहिलेला माणूस खात्री करूनच पुढं जातो.

बहात्तरला जे विशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेलेत. दरवर्षी त्यातले काही कमी होतायत. दुकानदार भावांनो, म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा भाव विचारला तर हसू नका, सांगा. अन् बाकीच्यांनो, तुमच्या घरात मिलो खाल्लेलं कोण आहे? आज संध्याकाळी जवळ बसून विचारा तरी.