वरच्या माळ्यावरचं मत



फेब्रुवारी २०२३ मध्ये कसबा पेठ विधानसभेची पोटनिवडणूक झाली. वाड्याचा मालक आणि त्याच्या घरची धुणीभांडी करणारी बाई एकाच रांगेत. पण डिसेंबर २०२० मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघाचं मतदान झालं, तेव्हा त्या रांगेत बाई नव्हती. मीही नव्हतो. मी गिरणीत साचे चालवतो, कविता लिहितो. डिग्री नाही.

ही रांग जुनी आहे. १९१९ च्या कायद्यात मत होतं ते सारा, घरभाडं, प्राप्तिकर भरणाऱ्याला. ज्याला जमीनच ठेवू दिली नाही तो सारा कसला भरणार? २३ ऑक्टोबर १९२८ ला ह्याच पुण्यात बाबासाहेब सायमन कमिशनपुढे बसले. मागणी होती प्रत्येक प्रौढ माणसाला मत. तरी १९३७ मध्ये मुंबई इलाख्याला वरचं सभागृह मिळालं ते ऐपतवाल्यांचंच. स्वातंत्र्यानंतर पैशाची अट गेली, तिच्या जागी डिग्री आली.

आज विधान परिषदेत ७८ जागा. आमदार ३० निवडतात, नगरपालिका-जिल्हा परिषदा वगैरे २२, पदवीधर ७, शिक्षक ७, राज्यपाल १२ नेमतात. शिक्षक म्हणजे माध्यमिक आणि वरचे. पहिलं अक्षर गिरवून घेणाऱ्या प्राथमिक गुरुजीला मत नाही. आणि गंमत बघा, पदवीधरमधून उभं राहायला डिग्री लागत नाही! मत द्यायला लागते, तीही तीन वर्षं जुनी.

राखीव जागा? लोकसभा, विधानसभेत आहेत. राज्यसभा, विधान परिषदेत एकही नाही. जून २०२२ मध्ये काँग्रेसनं चंद्रकांत हंडोरेंना पहिल्या पसंतीचा उमेदवार केलं. आमदारांचं मतदान गुप्त. पक्षाचा दुसरा उमेदवार निवडून आला, हंडोरे पडले. कुणी दगा दिला ते पेटीलाच माहीत. राज्यसभेला २००३ पासून आमदार आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवतो. तिथं दगा कमी, पण मालकी पक्षाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये हंडोरे राज्यसभेवर गेले, बिनविरोध.

कुणी म्हणेल, १९५२ ला लोकसभेत हरल्यावर बाबासाहेब राज्यसभेतच गेले ना? गेले. मुंबई राज्यातून, आमदारांच्या मतांवर, आणि १९५६ पर्यंत तिथं होते. म्हणून मी माळा पाडा म्हणत नाही. जिना सगळ्यांना द्या म्हणतो.

जिना घटनेतच आहे. कलम १७१ (२) सांगतं, संसद कायद्यानं वेगळं ठरवत नाही तोवरच विधान परिषदेची ही रचना. म्हणजे घटनादुरुस्तीसुद्धा नको, साधा कायदा पुरे. राज्यसभेचं तसं नाही, तिथं दुरुस्ती लागेल. पण परिषदेसाठीचा तो साधा कायदाही संसदेनं केलेला नाही.

पदवीधर मतदारांची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. तेव्हा उमेदवाराची पोरं फॉर्म घेऊन कसब्यात दारोदार फिरतात. तुमच्यातले ज्यांच्याकडे डिग्री आहे त्यांनी फॉर्म भरा, आणि सही करण्याआधी उमेदवारालाच विचारा: १७१ (२) खाली गिरणीवाल्याला, धुणंभांडंवालीला, प्राथमिक गुरुजीला मत मागणार का? उत्तर लिहून घ्या.