तारेवरच्या विमानात वीज

चालक वर्तुळाच्या मध्यभागी, विमान दोन पोलादी तारांच्या टोकाला. हातातली मूठ कलवली की पंखातली तरफ फिरते आणि शेपटीची झडप वर-खाली होते. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. तिच्या स्पर्धांत विजेच्या मोटरने जम बसवायला मात्र कित्येक दशके लागली. अडचण केवळ मोटरची नव्हती. निकेल-कॅडमियमची बॅटरी फार जड होती. लिथियम-पॉलिमरची बॅटरी त्याच वजनात कितीतरी अधिक ऊर्जा साठवते.

गंमत पुढेच आहे. इंधन जळते तसे इंजिनाचे विमान हलके होते, तोलही सरकतो. बॅटरीचे वजन शेवटच्या कसरतीतही तेवढेच! पण चढताना पंख्यावर भार येतो, म्हणून मोटरचे फेरे स्थिर राखणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवतात.