सामाईक नळ आणि नानाकाकांचं इंजिन

घरात इंजिन उघडून बसणारा माणूस आणि घरात हार्मोनियम शिकणारा माणूस यांच्यात फरक एवढाच, की हार्मोनियमवाल्याच्या हाताला काळं लागत नाही. शेजाऱ्यांचे शाप दोघांनाही सारखेच. आमच्या घराण्यात हार्मोनियमच्या वाटेला कुणी गेलं नाही, पण इंजिन मात्र होतं. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या मागच्या ओसरीवर, तुळशीवृंदावनापासून सहा फुटांवर ते उघडं पडलेलं असे, आणि त्याच्यासमोर आमचे नानाकाका मांडी घालून, एखाद्या सत्यनारायणाला बसावं तसे बसलेले असत.

ही गोष्ट १९६४ सालची. काका कचेरीत कारकून. त्यांनी कुठूनशी एक मोडकी, चिमुकली विलायती गाडी पैदा केली होती. आणली तीही बैलगाडीला बांधून. सामान्य माणसानं ती चालू करण्यावर समाधान मानलं असतं. पण काकांना ती नुसती चालायला नको होती, पळायला हवी होती. जी गाडी पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत दोनदा दम खाई, तिनं कात्रजचा घाट टॉप गिअरमध्ये चढावा अशी त्यांची महत्त्वाकांक्षा! त्यासाठी दर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फेरी. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काकूच्या वाट्यांत, नट-बोल्ट देवघरातल्या ताम्हणात. एकदा पोहे खाताना माझ्या दाताखाली वॉशर आला. मी तो पुसून काकांना नेऊन दिला, तेव्हा ते म्हणाले, “शाब्बास, हाच सापडत नव्हता!”

घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं की इंजिन ही घरात करण्याची वस्तूच नव्हे. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. पुढे पेन्शनीत निघाल्यावर, हाती वेळ आणि डोळ्यांवर जाड चष्मा आल्यावर, मी मोटारींचा इतिहास वाचायला लागलो आणि चाटच पडलो. अहो, निम्मा इतिहास घरातच घडलाय!

आता ऑस्टिन सेव्हनचंच घ्या. १९२१ साली हर्बर्ट ऑस्टिनसाहेबांची कंपनी कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेलेली. साहेबांना एक छोटी, स्वस्त मोटार काढायची होती, आणि संचालक मंडळ म्हणत होतं की असले पोरखेळ नकोत. तेव्हा साहेबांनी कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा एक ड्राफ्ट्समन उचलला (वय वर्षं १८ फक्त!) आणि त्याला आपल्या लिकी ग्रेंज नावाच्या घरी, बिलियर्ड खेळायच्या खोलीत नेऊन बसवलं. त्या पोरानं साहेबांशी हुज्जत घातली, की इंजिन दोन सिलिंडरांचं नको, छोटं का होईना पण चार सिलिंडरांचंच हवं. साहेबांनी ऐकलं. आमच्याकडे अठराव्या वर्षी थोरल्यांशी हुज्जत घालणाऱ्याला आधी जेवणावरून उठवतात.

१९२२ साली गाडी बाहेर पडली. पुढच्याच वर्षी इंजिन ७४७ सीसीचं झालं. ताकद साधारण साडेदहा घोड्यांची. क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन टोकांना, त्यामुळे इंजिन जोरात फिरवलं की तो मधे लग्नातल्या मांडवाच्या वाशासारखा लवायचा. तरीही १९३९ पर्यंत अशा जवळजवळ २,९०,००० गाड्या खपल्या. जर्मनीत ‘डिक्सी’ या नावानं तीच गाडी परवान्यावर बनत असे. १९२८ साली बीएमडब्ल्यूनं तो कारखाना विकत घेतला आणि मोटारीच्या धंद्यात पहिलं पाऊल टाकलं ते याच गाडीवरून. म्हणजे आज जिच्याकडे बघून आपण खिशाला हात लावतो, तिचं आजोळ बिलियर्डच्या खोलीत!

पण खरी गंमत पुढे आहे. लाखांनी खपलेली वस्तू कालांतरानं लाखांनी भंगारात येते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात या जुन्या ऑस्टिन ढिगानं मिळत, आणि गावोगावचे नानाकाका त्या घरी आणून उघडून बसत. त्यांचा एक क्लबही होता, १९३९ साली निघालेला, ७५० सीसीच्या हिशोबानं ‘सेव्हन-फिफ्टी क्लब’ म्हणत. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांच्या गॅरेजमध्ये अशीच एक ऑस्टिन जोडून शर्यतीत उतरला. पुढे त्याच्या नावानं फॉर्म्युला वनची टीम निघाली.

आणि लंडनमध्ये होता कॉलिन चॅपमन. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फावल्या वेळात जुन्या गाड्यांचा दलाल. १९४७ साली सरकारनं खाजगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटा बंद केला आणि याचा धंदा बसला. हातात उरली एक न खपलेली ऑस्टिन सेव्हन. ती त्यानं नेऊन उभी केली हेझल विल्यम्स नावाच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. म्हणजे लग्नाचा अद्याप पत्ता नाही आणि होणाऱ्या सासऱ्याच्या परसात हा इंजिन उघडून बसलेला! ती माणसं धीराची खरी. १९४८ साली त्या गाडीतून चिखलातल्या चढणीच्या शर्यतींसाठी जी गाडी निघाली, तिचं नाव त्यानं ठेवलं ‘लोटस’. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण चिखलात चालणाऱ्या वस्तूला कमळ म्हणण्याचं कारण निदान आपल्याला तरी कुणी समजावून सांगायला नको.

आता मी येतो त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी हे सगळं पुराण लावलं. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत यायला दारं मात्र दोनच. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एक दार. वाड्यात दोन बिऱ्हाडांना एक नळ असतो ना, तसं. आता सिलिंडरांची पाळी अशी लावलेली असते, की दुसऱ्याचा घोट पुरता व्हायच्या आत पहिला तोंड उघडतो. तिकडे तिसऱ्याच्या मागोमाग चौथा. एकाच्या बादलीत धार पडतेय तोवर दुसऱ्यानं कळशी पुढे सारायची! इंजिन सावकाश फिरतंय तोवर हे खपतं. जोरात पळायला लागलं की एकाला जास्त, एकाला कमी, आणि पोटभर कुणालाच नाही.

१९५१ साली चॅपमननं शर्यतीसाठी तिसरी लोटस बांधली, दोघा ॲलन बंधूंच्या घरच्या गॅरेजमध्ये. तिच्या इंजिनात त्यानं काय केलं असेल? त्या सामाईक दारात मधोमध पोलादी पत्र्याचा एक पातळ पडदा घातला. बस्स! दोन दारांची चार झाली, प्रत्येक सिलिंडरला आपापली वाट मिळाली, आणि ती गाडी त्या मोसमात इतरांना धूळ चारत सुटली. इतकी, की पुढे असला पडदा घालायला बंदी करणारा नियमच झाला. नियम करणारे जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखेच.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कारण तो पत्रा मी पाहिला होता. आमच्या ओसरीवर.

आमच्या वाड्यात नळ एकच. पाणी पहाटे पाच ते सात. माझे वडील, ज्यांना काका ‘दादा’ म्हणत, साडेपाचला स्नान करून संध्येला बसत. काकाही साडेपाचलाच रॉकेलनं धुतलेले भाग नळाखाली खळबळायला येत. एके दिवशी दादांच्या संध्येच्या तांब्यात पिस्टनची रिंग निघाली. त्या दिवशी जे झालं ते सांगत नाही. फक्त एवढंच, की दादा म्हणाले, “नाना, हे घर आहे, वर्कशॉप नव्हे.” काका म्हणाले, “घर दोघांचं आहे, दादा.” त्यानंतर सहा आठवडे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला एका पंगतीत, आणि मीठ मागायचं ते माझ्यामार्फत. दहाव्या वर्षी ते मीठ माझ्या हाताला फार जड लागे.

शेवटी आजी म्हणाली, “पत्रा घाला मधे.”

काकू रडली. आई रडली. पेठेत बातमी गेली, की चौथ्या पिढीत घर मोडलं. ओसरीच्या मधोमध नालीदार पत्रा उभा राहिला, चुली वेगळ्या झाल्या, महानगरपालिकेत अर्ज करून नळाचं दुसरं कनेक्शन घेतलं. दादांना त्यांचं पाणी मिळालं, काकांना त्यांचं. आणि महिन्याभरात नवलच घडलं. एका संध्याकाळी दादा चहाचा कप घेऊन पत्र्यापलीकडे गेले ते दिवेलागणीपर्यंत आलेच नाहीत. मी डोकावून पाहिलं तर काका पाना फिरवतायत आणि दादा बॅटरी धरून उभे! आपण सामाईक या शब्दाचे फार पोवाडे गातो. पण सामाईक नळावर उभं राहिलेल्या माणसाला शेजारचा भाऊ दिसत नाही, त्याची बादली दिसते.

काकांनी इंजिनाचं हेड लेथवर नेऊन अर्धं सूत घासून आणलं होतं. वरची जागा कमी झाली की मिश्रण जास्त दाबलं जातं आणि दणका जास्त बसतो, हे त्यांनी दादांना शास्त्रोक्त समजावून सांगितलं. पैसे काकूनं भिशीतून दिले होते. (चॅपमनला त्याच्या हेझलनं २५ पौंड दिले, त्यावर लोटस कंपनी उभी राहिली आणि १९६३ साली जगज्जेती झाली. काकूच्या भिशीची नोंद कुठल्याच इतिहासात नाही, म्हणून इथे करतोय.) नवं गॅस्केट मात्र परवडेना. जुनंच तांब्याचं गॅस्केट शेगडीवर लाल करून परत बसवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी काकांनी हँडल मारलं. पहिल्यांदा खोकला. दुसऱ्यांदा शिंक. तिसऱ्यांदा इंजिन असं काही गर्जलं, की वाड्यातली कबुतरं जी उडाली ती ओंकारेश्वरावर जाऊन बसली. काकांनी ॲक्सिलरेटर दिला. तुळशीची पानं थरथरली. दादा काहीतरी ओरडत होते, ते मला ऐकू आलं नाही, पण तोंड हसरं होतं. मग ‘फट्’ असा आवाज झाला, पांढऱ्या वाफेचा लोट आला आणि सगळं शांत. गॅस्केट गेलं होतं.

काका काळे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कुणी काही बोलेना. तेवढ्यात पत्र्यामागून आजीचा आवाज आला, “झालं का रे तुमचं? मग पानं वाढलीयेत. दोघंही इकडेच या.”

ते इंजिन पुन्हा कधी चालू झालं नाही. दोन वर्षांनी गाडी वजनावर गेली. तिच्यातून कंपनी निघाली नाही, की कात्रजचा घाटही चढला गेला नाही. इतिहासात एक चॅपमन येतो, आणि त्याच्यामागे हजार ओसऱ्यांवरचे हजार नानाकाका नुसतेच काळे हात पुसत राहतात.

दादा रोजचा जमाखर्च लिहीत. ते गेल्यावर त्या वह्या माझ्याकडे आल्या. परवा १९६४ ची वही काढली आणि दसऱ्याचं पान उघडलं. खर्चाच्या बाजूला आपट्याची पानं, झेंडूची फुलं, श्रीखंडाचा चक्का, सगळं पैशा-पैशापर्यंत. आणि जमेच्या बाजूला, रकमेची जागा कोरी ठेवून, एकच ओळ: “नानाचं इंजिन. ११ मिनिटं.”