अंधाराची पाळी

टंचाई वाटून घेणे ही आपल्याकडे जुनी विद्या आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत पाहा. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि पाटकरी पाणी सोडील त्याची पाळी. नदी आटली की भिजवायचे फड कमी करीत. पुष्कळांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे, त्यामुळे झळ सर्वांनाच लागे. कोणता फड कोरडा ठेवायचा हे गावकरी आपसांत बसून ठरवीत. नियम कडक होता खरा. पण तो का केला, हे पाटाच्या शेपटाकडच्या माणसालाही ठाऊक असे.

विसावे शतक संपून एकविसावे उजाडले, तेव्हा महाराष्ट्रावर आणखी एका वस्तूची टंचाई वाटून घेण्याची वेळ आली. ती वस्तू म्हणजे वीज. सरकारी कागदांत या वाटपाला भारनियमन म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र लोडशेडिंगच रुळले.

विजेचा स्वभाव पाण्यासारखा नाही. पाणी धरणात साठवून ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे फार अवघड. जितकी जळेल तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. आपल्या तारांतील प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. मागणी फार वाढली की ही गती मंदावते, आणि ठरावीक मर्यादेखाली गेली की वीजकेंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडू लागतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी तारांवरचा भार सहन न होऊन उत्तर आणि पूर्व भारताचे जाळे कोसळले आणि कोट्यवधी माणसे अंधारात गेली. असा अनर्थ टाळण्यासाठी आधीच काही भागांचा पुरवठा तोडायचा, थोड्या तासांनी तो जोडून दुसऱ्यांचा तोडायचा, हे भारनियमन. वादळात सापडलेल्या गलबतावरून माल समुद्रात फेकावा, तसाच हा प्रकार. प्रश्न एवढाच राहतो की फेकायचा माल कोणाचा.

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाणी सह्याद्रीचे आणि उजेड मुंबईचा, असा हा पहिला सौदा. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झाले, आणि १९२७ पासून भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. पुढे कोयना आली. गावे पाण्याखाली गेली, माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसली, आणि १९६२ साली पोफळीचे वीजगृह सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, वीजगृह बंद पडले, आणि मुंबईचे कारखाने थांबले. आपला उजेड कोठून येतो, हे त्या दिवशी शहराला कळले असावे.

१९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले. तारा गावोगाव पोहोचल्या, विहिरींवर मोटेच्या जागी पंप बसले. मागणी वाढत गेली, केंद्रे मात्र त्या वेगाने उभी राहिली नाहीत. १९९९ साली सुरू झालेला दाभोळचा प्रकल्प महाग विजेच्या वादात सापडून २००१ साली बंद पडला. २००५ साली वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण निर्माण झाली, तेव्हा तिच्या वाट्याला ही तूटही आली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ऐन मागणीच्या वेळी ती चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत जाई.

मग वेळापत्रके निघाली. मुंबई शहर वगळले गेले. त्याची स्वतःची केंद्रे होती आणि राज्याचा व्यवहार तेथून चालत होता, ही कारणे खोटी नव्हेत. इतर शहरांत काही तास, आणि खेड्यांत बारा तास व त्याहूनही अधिक. परळीची धुराडी ज्या बीड जिल्ह्यात धूर सोडीत, त्याच जिल्ह्यातील खेडी रात्री चिमण्या लावीत. पुण्यात २००६ साली निराळी युक्ती निघाली. कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत, त्यांची वाचलेली वीज शहराला मिळावी आणि जादा खर्च ग्राहकांनी सोसावा. युक्ती यशस्वी झाली. पण पैसे मोजले की पाळी चुकवता येते, हेही तिने शिकवले. घरोघरच्या इन्व्हर्टरने तेच शिकवले. शिवाय वीज परत येताच त्या सगळ्या बॅटऱ्या एकदम वीज ओढू लागत, आणि तूट वाढे.

त्याहून महत्त्वाची ठरली ती गळतीप्रमाणे केलेली वर्गवारी. ज्या वाहिनीवर विजेची चोरी आणि थकबाकी जास्त, तिला अंधारही जास्त. 'अ' गटाला कमी, 'ग' गटाला सर्वांत अधिक. महावितरणची बाजू समजण्यासारखी होती. तारेवर आकडे टाकून फुकट वीज घेणाऱ्याला पोसायचे कोणी? परंतु वाहिनी एक असली तरी तिच्यावरची माणसे एक नसतात. त्याच आळीत दरमहा रांगेत उभे राहून बिल भरणारी विधवा शिक्षिकाही असते. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते येथे नियम म्हणून छापले गेले. फडातल्या शेतकऱ्याला पाळी गेल्याचे दुःख होई. या बाईला पाळीबरोबर दोषही मिळाला.

शेतकऱ्याच्या वाट्याला आला तो रात्रीचा पुरवठा. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी वीज मिळे. मग मध्यरात्री बॅटरी घेऊन साप-विंचवांच्या वाटेने त्याने पाणी धरायला जायचे. जाणे चुकावे म्हणून त्याने पंपाला 'ऑटो' बसवला. परिणाम असा की वीज येताच साऱ्या शिवारातले पंप एकदम सुरू होत आणि डीपी जळे. मग वेळापत्रकात नसलेला अंधार आठवडाभर भोगावा लागे. आम्हा शाळामास्तरांचा अनुभवही असाच. उन्हाची मागणी वाढू लागते ती मार्चमध्ये, आणि दहावीची परीक्षाही मार्चमध्येच. मुले अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी विजेचे वेळापत्रक पाठ करीत.

२०१२ च्या अखेरीपर्यंत भारनियमन संपवण्याची घोषणा झाली. बहुतेक राज्यात ते संपलेही. गळतीच्या तळच्या गटांतली गावे मात्र वगळली गेली. एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा कडक झाला, कोळसा कमी पडला, आणि ते पुन्हा आले. आता शेतीसाठी सौर वाहिन्या उभ्या राहत आहेत. त्यांमुळे शेतकऱ्याला दिवसा पाणी धरता आले, तर ती मोठीच सुटका. पण सूर्य मावळल्यानंतर शहरे जी मागणी करतात ती राहतेच, आणि उन्हाळे काही सौम्य होत नाहीत.

तेव्हा टंचाई पुन्हा येणार, असे धरून चालावे. धरण, कोळसा, ऊन यांवर आपली सत्ता थोडी. पाळीची यादी मात्र माणसेच करतात. पांझरेच्या काठी ती यादी करताना पाटाच्या शेपटाकडचा माणूसही बैठकीत असे. विजेची यादी करताना तारेच्या शेवटच्या खांबाखालच्या माणसाला कोणी विचारले काय, हे त्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात शोधून पाहावे. बहुतेक वेळी त्याला ती यादी वर्तमानपत्रातच वाचावी लागली आहे.